साताऱ्याचा कोळी, शिराळ्याचा नाग आणि पाळणाऱ्याची जबाबदारी

सातारा म्हटले की छत्रपतींची गादी आठवते, अजिंक्यतारा आठवतो, अलीकडे कास पठार आठवते. पण एका कोळ्याच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९१५ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात फ्रेडरिक हेन्री ग्रेव्हली या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. भारतातले जाड अंगाचे, केसाळ, बहुतांशी बिळात राहणारे कोळी हा त्याचा विषय. आज ज्यांना सरसकट टॅरँटुला म्हटले जाते, ते याच गोतावळ्यातले. त्यातल्या एका प्रजातीला ग्रेव्हलीने नाव दिले ‘प्लेसिओफ्रिक्टस सातारेन्सिस’. म्हणजे साताऱ्याचा.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले भाग त्यातच मोडत. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या लेखात सातारा आणि सांगली एकत्र आले आहेत. दोघांचा भूगोल एकच आहे. पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळ्याचे पावसाने भिजलेले डोंगर आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतचा कोरडा माळ. जमिनीत बीळ करून राहणारे जीव या दोन्ही टोकांना आहेत.

सध्या मोबाईलवर टॅरँटुला पाळण्याचे व्हिडिओ फिरतात. काचेची पेटी, त्यात माती आणि मातीतून डोकावणारे केसाळ पाय. ते पाहून आपल्या भागातल्या पोरांनाही वाटू लागले आहे की हा तर आपल्या डोंगरातही सापडतो, मग आणायला काय हरकत आहे? प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळच द्यायला हवे. पण त्याआधी बिळातला जीव बाहेर काढून आपल्या ताब्यात ठेवण्याचा आपल्याकडचा इतिहास पाहायला हवा. तो इतिहास फक्त शास्त्रज्ञांचा नाही. आपल्यातल्या दरवेशी-गारुड्यांचाही आहे.

बिळातून बाटलीत

१८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. जंगल खात्यातले अधिकारी, मळेवाले, रेल्वेतले साहेब, डॉक्टर अशी मंडळी तिला नमुने पाठवू लागली. त्यातले कोळी आणि विंचू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रेजिनाल्ड पोकॉकच्या टेबलावर पोचत. पोकॉकने १८९९ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या अनेक टॅरँटुलांची पहिली वर्णने लिहिली आणि १९०० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत कोळी-विंचवांवरचा ग्रंथ दिला. आज परदेशी शौकिनांत ‘इंडियन व्हायोलेट’ म्हणून ओळखला जाणारा, पश्चिम घाटातला बिळात राहणारा ‘किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस’ हा त्याच १८९९ सालचा.

ग्रेव्हली त्याच्या पुढच्या पिढीतला. साताऱ्याशी त्याचा संबंध आला तो एका मराठी माणसामुळे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. सातारा जिल्ह्यातल्या घाटाकडच्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. या वंशाचा जेलीफिश आफ्रिकेतच असतो, अशी तोवर समजूत होती. १९११ साली नेल्सन अॅनन्डेल यांनी त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले आणि १९१२ साली ग्रेव्हली व आघारकर यांनी मिळून त्याच्या सवयींवर टिपण प्रसिद्ध केले. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आज ज्यांचे नाव सांगते, ते हेच आघारकर.

संग्रहालयांच्या या काळाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे नमुन्याच्या चिठ्ठीवर साहेबाचे नाव येते, कुदळ मारणाऱ्याचे येत नाही. कोणत्या उतारावर, कोणत्या दरडीत बीळ आहे हे ज्या गुराख्याला किंवा मजुराला माहीत होते, तो कागदावर उतरलाच नाही. दुसरी गोष्ट अशी की बिळातून बाहेर काढलेल्या जिवाबद्दल कळते ते त्याच्या शरीराबद्दल. तो कसा जगतो, हे बिळातच राहून जाते. आंध्रातल्या गुत्ती इथला निळा टॅरँटुला हे याचे नामांकित उदाहरण. पोकॉकने १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले ते रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एकाच नमुन्यावरून. लाकडाबरोबर आलेल्या या कोळ्याचे खरे घर कुठे, हे पुढची शंभर वर्षे कुणाला कळले नाही. २००१ साली तो नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेच्या पाळीव बाजारात तो महागडा माल होऊन बसला. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते.

काटक म्हणजे नेमके काय?

पाळणाऱ्यांच्या जगात बिळात राहणाऱ्या टॅरँटुलाची एक ख्याती आहे: हा जीव काटक असतो. आठवड्यातून एखादा नाकतोडा किंवा झुरळ दिले तरी चालते. महिना-दीड महिना खाल्ले नाही तरी मरत नाही. आवाज नाही, वास नाही, जागाही थोडीच लागते. नवशिक्याने हाच घ्यावा, असे सांगितले जाते.

यातली माहिती खोटी नाही. निष्कर्ष मात्र उलटा आहे. या कोळ्याचा काटकपणा त्याच्या अंगात जितका आहे, त्याहून अधिक त्याच्या बिळात आहे. माळावर एप्रिल-मे महिन्यात जमीन भाजून निघते, पण हातभर खाली माती गार असते आणि ओलही थोडी टिकून असते. घाटात जूनपासून पाणी कोसळते, तेव्हा रेशमाचे अस्तर बिळाच्या भिंती धरून ठेवते. कोरड्या दिवसांत किंवा कात टाकायच्या वेळी कोळी बिळाचे तोंड माती आणि रेशमाने बंद करून घेतो. त्याला डोळे आठ असले तरी नजर कमजोर असते. जगाची खबर त्याला लागते ती जमिनीच्या थरथरीतून, पायांवरच्या केसांतून. बिळाच्या तोंडाशी पसरलेले रेशमाचे धागे हे त्याचे कानच म्हणा. बीळ त्याचे घर, धान्याचे कोठार, बाळंतिणीची खोली आणि किल्ला असते.

म्हणून हा जीव बाहेर काढला की काटक राहत नाही. त्याचे पोट पातळ कातडीच्या पिशवीसारखे असते. कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी ते फुटून तो मरू शकतो. कात टाकताना तो पाठीवर उताणा पडतो. त्या वेळी कुणी मेला समजून हलवला तर खरेच मरतो. भारतातल्या टॅरँटुलांकडे अमेरिकन जातींसारखे अंगावरचे खाजरे केस उडवण्याचे हत्यार नाही. त्यामुळे ते पळतात किंवा चावतात. या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, पण वेदना भरपूर होतात आणि काही जातींच्या चाव्याने स्नायूंना पेटके येतात. थोडक्यात, हा हातात घेऊन खेळवायचा प्राणी नव्हे.

वयाची गोष्ट तर फार कमी लोक विचारात घेतात. नर वयात आला की मादीच्या शोधात बीळ सोडतो आणि त्यानंतर फार काळ जगत नाही. मादी मात्र वीस वर्षांहून जास्त जगू शकते. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून एका रानातल्या बिळांना क्रमांक देऊन निरीक्षण सुरू केले. तिथली सोळा क्रमांकाची मादी टॅरँटुला नव्हे, तर झाकणाचे बीळ करणाऱ्या कोळ्यांतली. ती त्याच एका बिळात तब्बल ४३ वर्षे जगली. २०१६ मध्ये तिचे बीळ रिकामे सापडले. झाकणाला भोक होते. एका परजीवी गांधीलमाशीने तिचा घास घेतला होता.

हे समजले की डोंगरातून खणून आणलेल्या भल्यामोठ्या मादीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कदाचित तुम्ही शाळेत जात होता तेव्हापासून ती त्याच दरडीत राहत असेल. तिच्या पिलांतली बहुतेक पहिल्याच वर्षी मरतात. जी मादी जगली, तीच त्या उताराची भविष्यातली वस्ती. अशा चार माद्या उचलल्या तर तो उतार कित्येक वर्षांसाठी रिकामा होतो, आणि रिकामा झाला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मेक्सिकोत हे घडून गेले आहे. लाल गुडघ्यांचा तिथला टॅरँटुला देखणा आणि शांत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो अमेरिका-युरोपच्या दुकानांत इतका खपू लागला की १९८५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराखाली निर्बंध आणावे लागले. १९९४ साली त्याचा सगळा वंशच त्या यादीत घ्यावा लागला. तोही ‘पाळायला सोपा’ होता. पाळायला सोपा असणे हेच त्याच्या मुळावर आले.

दरवेशी, गारुडी आणि शिराळ्याची मडकी

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत काही नोंदी आहेत: मुस्लिम मदारी, गारुडी, सापवाले आणि जादूगर. दरवेशी, वाघवाले-शाह, अस्वलवाले. सरकारी भाषेतल्या या दोन-तीन ओळींत महाराष्ट्रातल्या मुसलमान समाजाच्या एका हिश्शाचा इतिहास दडला आहे. आजच्या पन्नाशी-साठीतल्या माणसांना डमरू वाजवत गल्लीत आलेला दरवेशी आणि त्याचे अस्वल आठवत असेल. जत्रेत टोपली उघडणारा गारुडी आठवत असेल. जंगली जीव पाळणे हा या लोकांचा शौक नव्हता. तो त्यांचा पोटाचा धंदा होता.

या धंद्याला उगाच सोनेरी रंग देण्यात अर्थ नाही. अस्वलाच्या नाकातून दोर ओवलेला असे, सापाचे दात उपटलेले असत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद केले. हे योग्यच झाले. पण अस्वल सुटले, दरवेशी मात्र अडकला. त्याच्याकडे जमीन नव्हती, शिक्षण नव्हते, अनेकांकडे धड कागदपत्रेही नव्हती.

तमिळनाडूत साप पकडणाऱ्या इरुळा लोकांसाठी १९७८ साली सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, औषधासाठी त्याचे विष काढायचे आणि पुन्हा सोडून द्यायचा. कातडीचा धंदा बंद झाला तरी हातातले कसब वाया गेले नाही. आपल्याकडच्या गारुड्यांच्या वाट्याला त्या तोडीचे काही आले नाही. कोणत्या बिळात धामण आहे आणि कोणत्या बिळात नाग, हे बिळाच्या तोंडावरून सांगणाऱ्यांची पोरे आज मजुरीला जातात.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. गोरखनाथांच्या आख्यायिकेशी जोडलेली तिथली नागपंचमी जगभर गाजली ती जिवंत नागांमुळे. सणाआधी तरुणांच्या टोळ्या शिवारात फिरत, बिळे शोधत, नाग धरत. मडक्यात ठेवून त्याची निगा राखत, पंचमीला पूजा आणि मिरवणूक करत, नंतर पुन्हा रानात सोडत. नाग तिथे देव होता, पाहुणाही होता. तरीही मडके ते मडकेच. सर्पमित्रांनी आणि पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिवंत नाग पकडण्यावर बंदी आली. गावाने अनेक वर्षे प्रतिमेची पूजा केली. २०२५ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अभ्यास आणि प्रबोधनासाठी, कडक अटींवर, २१ नाग पकडायला परवानगी दिली तेव्हा शिराळ्यात आनंद झाला. त्या परवानगीवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी: कायद्यासमोर एका गावाने आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत बदलून दाखवली.

गारुड्याने टोपली सोडली, दरवेशाने दोर सोडला, शिराळ्याने मडके सोडले. गरिबाचे पोट आणि भाविकाची श्रद्धा, दोघांनाही कायद्याने सांगितले की जंगलातला जीव तुझा नाही. मग काचेची पेटी घेणाऱ्या शौकिनाला वेगळा न्याय का? टोपली आणि पेटी यांत फरक इतकाच की पेटीला दिवा लावलेला असतो आणि तिच्या मालकाला कुणी मदारी म्हणत नाही.

चिमणी, मांजर आणि पक्षिणीची पिले

प्राणी पाळण्याबद्दल आपल्या धार्मिक परंपरेने काय म्हटले आहे, हेही मुसलमान वाचकाच्या मनात येणारच. कुरआनच्या २९ व्या सूरेचे नावच ‘अल-अन्कबूत’, म्हणजे कोळी. हिजरतच्या वेळी सौर गुहेच्या तोंडावर जाळे विणणाऱ्या कोळ्याची कथा घराघरांत सांगितली जाते. तिच्या सनदीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण त्या कथेने मुसलमान घरांत कोळ्याला एक जिव्हाळा दिला, हे खरे.

पाळण्याच्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या हदीस मात्र तीन आहेत. पहिली अबू उमैर या लहान मुलाची. त्याचा पाळलेला चिमणीसारखा पक्षी मेला तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याच्याशी प्रेमाने, थट्टेच्या सुरात त्या पक्ष्याबद्दल विचारपूस केली. यावरून फकीहांनी पक्षी पाळणे जायज ठरवले. हिजरी चौथ्या शतकातले शाफई विद्वान इब्नुल कास यांनी या एवढ्याशा प्रसंगातून साठ मुद्दे काढून स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. म्हणजे पाळणे मुळातच वाईट, असे कुणी म्हणत नाही.

दुसरी हदीस एका स्त्रीची. तिने मांजर कोंडून ठेवले. तिला स्वतः खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन जमिनीवरचे किडे-मुंगी खायलाही सोडले नाही. या एका गोष्टीसाठी ती शिक्षेला पात्र ठरली. कोंडणाऱ्याच्या डोक्यावर किती ओझे येते, ते इथे कळते. आपण दार लावले त्या क्षणापासून त्या जिवाची भूक आपल्या हिशेबात जमा होते. टॅरँटुलाच्या बाबतीत हा हिशेब वीस वर्षांचा आहे. शिक्षण, नोकरी, लग्न, बदली या सगळ्यांतून ती पेटी बरोबर न्यावी लागेल. कंटाळा आला म्हणून कुठेही सोडून देता येत नाही. परदेशी जात असेल तर ती इथल्या रानाला धोका, आणि इथली असली तरी परक्या जमिनीत बीळ नसलेला कोळी फार दिवस टिकत नाही.

तिसरी हदीस या विषयाला सर्वांत जवळची. प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची पिले उचलली. ती पंख फडफडवत वर घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी (स.) तिला कुणी दुखावले म्हणून विचारले आणि पिले परत ठेवायला सांगितले. त्या माणसांनी पिलांना मारले नव्हते, उपाशीही ठेवले नव्हते. फक्त त्यांच्या जागेवरून उचलले होते. तेवढेच परत करण्यासाठी पुरेसे कारण ठरले.

मग करायचे काय?

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. राखीव जंगल, अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पातून कोणताही जीव खणून आणणे हा गुन्हा आहे. कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प साताऱ्यापासून सांगली, कोल्हापूरपर्यंत पसरला आहे. परदेशी जातींबद्दल २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात सायटिसच्या याद्या आणल्या आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. कुरिअरच्या डब्यातून, बिलाशिवाय येणारा कोळी कुठून आला हे विकणारा सांगत नसेल, तर घेऊ नये. साधी कसोटी हीच. बंदिस्त जागेत जन्मलेला आणि कागद असलेला कोळी कुणाला पाळायचाच असेल, तर किमान वीतभर खोल माती, पाण्याची बशी, शांत कोपरा आणि हात न लावण्याचा निश्चय, एवढे तरी द्यावे. मग तो दिवसेंदिवस दिसणारही नाही. त्याला बघायची हौस असलेल्या माणसाची निराशा होईल, पण कोळी सुखी असल्याची तीच खूण आहे.

खरा शौक याच्या पुढे जातो. २०१४ साली झीशान मिर्झा, राजेश सानप आणि हर्षल भोसले या तरुण संशोधकांनी पश्चिम घाटातल्या टॅरँटुलांच्या पाच नव्या प्रजाती आणि एक नवा वंश जगासमोर आणला. त्यातल्या एकीचे नाव मुंबईच्या आरे वसाहतीवरून आहे. शंभर वर्षांपूर्वी नमुन्यावर साहेबाचे नाव लागे. आता इथल्याच मुलांची नावे लागत आहेत, आणि त्यात एक मिर्झाही आहे. आपल्या वस्त्यांतल्या पोरांना हे सांगायला हवे. जावळीच्या दरडीवर, शिराळ्याच्या बांधावर, जतच्या माळावर पावसाळ्याच्या तोंडाला रात्री बॅटरी घेऊन गेले, पाय जपून टाकले आणि थांबून पाहिले, तर बिळाच्या तोंडाशी वाट पाहणारा तो दिसू शकतो. फोटो काढा, जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच बिळापाशी पुन्हा जा. ऑस्ट्रेलियातल्या त्या संशोधिकेकडे सुरुवातीला याहून फार काही नव्हते. वही होती, बिळांचे क्रमांक होते आणि चिकाटी होती.

आणि या कामात जुन्या गारुड्यांच्या घरातला एखादा मुलगा बरोबर घ्या. बिळाच्या तोंडावरून आत कोण आहे ते ओळखायची विद्या त्याच्या आजोबांकडे होती. ती विद्या आता टोपलीसाठी नको आहे, वहीसाठी हवी आहे. ग्रेव्हलीच्या लेखातून ज्याचे नाव सुटले, त्या कुदळ धरणाऱ्या माणसाचे नाव तरी या वेळी लिहिले जाईल. आणि साताऱ्याचे नाव घेऊन शंभर वर्षांपूर्वी जगापुढे गेलेला तो कोळी साताऱ्याच्याच जमिनीत, आपल्या बिळात राहील.